घरचे आरोग्य : घाबरण्याचा झटका आणि ती छोटी गोळी

बोईसरपासून चार-पाच किलोमीटरवरच्या एका गावातून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळतो. पत्र मोठे आहे, म्हणून मुख्य भाग तेवढा देतो.

"घरी दोन एकर भात आणि मागच्या वाडीत थोडी मिरची. मालक तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जातात. दोन वर्षांमागे गणपतीच्या आधी बोईसरच्या बाजारात सामान घेत होते. एकाएकी छातीत धडधडू लागलं, श्वास पुरेना, हातापायांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी. वाटलं, संपलं सगळं, पोरांचं तोंड आता दिसत नाही. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, घरी जा. आठ दिवसांनी पुन्हा तसंच, मग पुन्हा पुन्हा. नात्यातल्या एका बाईंनी त्यांच्याजवळची अल्प्राझोलमची गोळी दिली. अर्ध्या-पाऊण तासात जीव थाऱ्यावर आला. तेव्हापासून घेते. आधी पाव मिलिग्रॅमची रात्री एक, आता अर्ध्या मिलिग्रॅमची सकाळ-संध्याकाळ. एक दिवस चुकली की हात थरथरतात, डोळ्याला डोळा लागत नाही. सासूबाई म्हणतात, ही नशेची गोळी, उद्यापासून बंद कर, आपण भगताकडे जाऊ. मालक म्हणतात, बरं वाटतंय ना, मग घेत राहा. मी कोणाचं ऐकू?"

ताई, बाकीचे पुढे सविस्तर सांगतो, पण एक गोष्ट आधी ऐका. सासूबाईंच्या सांगण्यावरून ती गोळी उद्यापासून एकदम टाकू नका. आणि मालक म्हणतात तशी कोणाला न विचारता चालूही ठेवू नका. दोन वर्षे रोज घेतलेली ही गोळी एका दिवसात बंद केली, तर हात थरथरणे, घाम सुटणे, झोप उडणे, जीव पहिल्यापेक्षा दुप्पट घाबरणे इथपासून थेट आकडी येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. आकडी चुलीपुढे किंवा विहिरीच्या काठावर आली तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको. ही गोळी सुटते. पण भरलेली बैलगाडी उतारावरून उतरवावी, तशी आवरून धरत, हळूहळू.

आता मुळात हा आजार कसला, ते पाहू. बांधावरून चालताना पायाशी नाग दिसला तर काय होते? विचार करायच्या आत आपण मागे उडी मारलेली असते. छाती धडधडते, श्वास भराभर चालतो, घाम फुटतो, पोटात गोळा येतो. ही काही दुबळेपणाची खूण नव्हे. देहाने जीव वाचवण्यासाठी वाजवलेली ही धोक्याची घंटा आहे. हृदय जोरात चालते ते पायांना रक्त पुरवण्यासाठी, श्वास वाढतो तो पळण्याची तयारी म्हणून. नाग बिळात गेला की घंटा आपोआप थांबते. काही माणसांत मात्र ही घंटा नाग नसताना वाजते. भर बाजारात, रेल्वेच्या डब्यात, कधी गाढ झोपेतसुद्धा. हाच घाबरण्याचा झटका. डॉक्टर त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. असे झटके वारंवार, कारणाशिवाय येऊ लागले आणि मधल्या दिवसांतही 'आता पुन्हा येईल का' ही धास्ती मनात घर करून बसली, म्हणजे तो पॅनिक डिसऑर्डर नावाचा आजार झाला.

झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि अर्ध्या तासाच्या आसपास ओसरतो. तेवढ्या वेळात माणसाला मरण समोर दिसते, हे मात्र खरे. हाताला मुंग्या का येतात, तेही समजून घ्या, म्हणजे निम्मी भीती कमी होईल. भीतीने आपण भराभर श्वास घेतो आणि सोडतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड वायू प्रमाणाबाहेर कमी होतो. तो कमी झाला की बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर येते, श्वास पुरत नाही असे वाटते. श्वास पुरत नाही म्हणून माणूस आणखी जोरात श्वास घेतो आणि चक्र वाढत जाते. त्यात मन म्हणते, हा हार्ट अटॅकच. झाले, घंटा आणखी जोरात.

मग माणूस जागा टाळू लागतो. बाजारात झटका आला म्हणून बाजार नको. २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणूपर्यंत येऊ लागली आणि पालघर-बोईसरची कितीतरी तरुण मंडळी रोज विरारच्या पुढे नोकरीला जाऊ लागली. त्यांतल्या एखाद्याला गच्च भरलेल्या डब्यात झटका येतो, पुढचे स्टेशन येईस्तोवर उतरता येत नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला फलाटावर पाय ठेववत नाही. घरचे म्हणतात, कामचुकार आहे. हळूहळू लग्न, जत्रा, गिरणी, सगळे सुटते. औषधपाणी करायचे ते मुख्यतः हा पिंजरा उघडण्यासाठी, झटका काय, आपला आपण ओसरतोच.

एक सावधगिरी. पहिल्यांदा असे झाले की घरच्या घरी 'पॅनिक आहे' असे ठरवून मोकळे होऊ नका. चाळिशीच्या पुढचा माणूस, मधुमेही, तंबाखू-विडीवाला, छातीत दाबल्यासारखी कळ, ती डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी, चालल्यावर वाढणारी, अंगाला गार घाम, असे असेल तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा. थायरॉइड वाढले, अंगात रक्त कमी असले, साखर एकदम उतरली, तरी छाती धडधडते. शेतकरी घरात आणखी एक शंका घ्यायलाच हवी. वाणगावच्या बाजूला मिरचीवर पंपाने फवारे मारून घरी आलेल्या माणसाला घाम, मळमळ, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे धूसर, अंगाची थरथर होऊ लागली, तर ते मनाचे दुखणे नव्हे, औषध अंगात भिनले आहे. त्याचे कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाच्या बाटलीसकट त्याला ताबडतोब डॉक्टरकडे न्या. ताईंचा ईसीजी झाला होता, हे चांगलेच. पण रक्त आणि थायरॉइड तपासल्याचे पत्रात कुठे नाही. ते करून घ्यावे.

आपल्या भागातल्या लोकांना भीती वाटायला कारणे काही कमी नाहीत. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडीच्या आसपास, जमीन हादरू लागली. एकच मोठा भूकंप होऊन थांबला असता तर गोष्ट वेगळी. हे लहान-लहान धक्के महिनोन्‌महिने येत राहिले. १ फेब्रुवारी २०१९ च्या दुपारी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून पळताना पडून एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. थंडीच्या दिवसांत माणसे लेकरांना घेऊन घराबाहेर, तंबूत झोपली. पुढच्या वर्षी, ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी, तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, माणसे दगावली आणि आवाज दूरच्या गावांपर्यंत ऐकू गेला.

अशा वेळची भीती हा रोग नव्हे. घराला तडा गेलेला असताना अंगणात झोपणारा माणूस शहाणाच म्हणायचा, त्याला गोळी कशाला? त्याला हवे पक्के घर आणि खरी माहिती. पण होते असे की, धोका टळला तरी काही जणांच्या देहाची राखण टळत नाही. ट्रक गेला, दार आपटले, तरी अंग उडते. त्यातून काहींना पुढे झटके सुरू होतात. मालकांची रात्रपाळी असली आणि कारखान्याच्या दिशेने काही आवाज आला की घरातल्या बाईचा जीव टांगणीला लागतो, हे तारापूरच्या आसपासच्या घरांना सांगायला नको. म्हणून 'तुला काय कमी आहे घाबरायला' असे कोणी कोणाला म्हणू नये. काही जणांना मात्र काहीही न घडता हा आजार होतो. घरात आईला, मावशीला होता म्हणून होतो, बाळंतपणानंतर होतो, कधी कारण सापडतच नाही. त्यात बाईचा दोष काय?

आता गोळीकडे येऊ. तिची हकिकत ऐकण्यासारखी आहे. लिओ स्टर्नबाख नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत न्यू जर्सीत एका औषध कंपनीत काम करीत होता. त्याने केलेले एक रसायन कित्येक महिने फळीवर तसेच पडून राहिले. १९५७ साली प्रयोगशाळेची आवराआवर करताना ते पुन्हा हाती लागले, तपासले, तर जीव शांत करणारे निघाले. त्यातून १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली डायझेपाम बाजारात आले. आपल्याकडच्या मागच्या पिढीला डायझेपाम 'काम्पोज' या नावाने माहीत आहे. ताई घेतात ते अल्प्राझोलम याच घराण्यातले धाकटे भावंड. अमेरिकेत ते १९८१ साली आले आणि १९९० साली तिथल्या सरकारने पॅनिकच्या आजारासाठीही त्याला मान्यता दिली. क्लोनाझेपाम, लोराझेपाम हीही त्याच कुळातली. म्हणजे ही गोळी खोटी नाही, की तिच्यात जादूटोणा नाही. मेंदूत गाबा नावाचा एक पदार्थ गाडीच्या ब्रेकसारखे काम करतो, त्या ब्रेकवर ही गोळी आणखी जोर देते. म्हणून अर्ध्या-पाऊण तासात जीव शांत होतो.

अडचण पुढे आहे. रोज-रोज बाहेरून जोर मिळू लागला की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. मग तेवढ्याच गोळीने भागत नाही. पाव मिलिग्रॅमची अर्ध्यावर जाते, एकाची दोन होतात. ताईंच्या बाबतीत नेमके हेच झाले. अल्प्राझोलम अंगातून लवकर उतरते, म्हणून दोन गोळ्यांच्या मध्येच हात थरथरू लागतात. त्या थरथरीला बाई समजते, आजार परत आला. पुष्कळदा ती गोळीची ओढ असते, आजार नव्हे. हे ओळखायला वेळ गेला. डायझेपामची जगभर चलती होती तेव्हा ते अगदी निर्धोक मानले जाई. १९८८ साली इंग्लंडच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना बजावले की, ही औषधे दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नका. अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० साली या कुळातल्या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकावर सवयीचा आणि एकदम सोडण्याचा इशारा ठळक चौकटीत छापायला लावला. आपल्या देशात १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलम आणि डायझेपाम यांची विक्री 'एच-वन' या कडक यादीखाली येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानदाराने ती द्यायची नाहीत, आणि दिल्यावर डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवायची, असा नियम आहे. नियम आहे म्हणजे सगळीकडे पाळला जातो असे नाही, हे आपण सारे जाणतो. ताईंना तर ती नात्यातून मिळाली. दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी घेण्याची ही आपली रीत मोडली पाहिजे. आपण खताची मात्रासुद्धा शेजाऱ्याच्या शेतावरून ठरवीत नाही.

मग खरा उपचार कोणता? इथे दुसरी हकिकत सांगतो. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन नावाचे एक तरुण मानसतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे असे रुग्ण होते की, दिवसातून कितीदा तरी ते परिचारिकांच्या टेबलाकडे धावत येत आणि 'मी मरतोय' म्हणत. क्लाइन यांनी त्यांना इमिप्रामिन नावाचे नवे औषध देऊन पाहिले. दोन-तीन आठवडे गेले, डॉक्टरांना विशेष काही फरक वाटेना, रुग्णही म्हणत, काही उपयोग नाही. मग परिचारिकांच्या लक्षात आले की, ते टेबलाकडे धावत येण्याचे बंद झाले आहेत! झटके थांबले होते. मनातली धास्ती तेवढी शिल्लक होती. झटका आणि रोजची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून पुढे आले, आणि १९८० साली अमेरिकेच्या मानसतज्ज्ञांनी पॅनिकला स्वतंत्र आजार म्हणून आपल्या यादीत जागा दिली. चौकशी त्या डॉक्टरांनी केली खरी, पण डोळे परिचारिकांचे होते.

आज इमिप्रामिनच्या जागी बहुधा सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, पॅरोक्सेटिन यांसारखी औषधे देतात. मूळ ती उदासीच्या आजाराची म्हणून ओळखली जातात, त्यामुळे चिठ्ठीवर नाव वाचून किंवा इंटरनेटवर पाहून कोणी दचकू नये. यांचा स्वभाव त्या छोट्या गोळीच्या अगदी उलट. युरिया टाकला की चार दिवसांत पान हिरवे दिसते, शेणखताचा गुण दिसायला वेळ लागतो, तसे हे आहे. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. उलट पहिल्या आठवड्यात मळमळ, पोट बिघडणे, थोडी जास्तच अस्वस्थता होते. नेमक्या याच आठवड्यात लोक 'हे औषध मानवत नाही' म्हणून फेकून देतात. म्हणून चांगले डॉक्टर अगदी थोड्या मात्रेने सुरुवात करतात. गुण आल्यावरही साधारण वर्षभर औषध चालू ठेवावे लागते आणि मग हळूहळू उतरवावे लागते. यांनी मात्रा वाढवत नेण्याची ओढ लागत नाही, पण तीही एकदम सोडायची नाहीत, नाहीतर चक्कर, चिडचिड, झिणझिण्या येतात. आणि ही औषधे चालू करताना मनात जीव द्यावासा विचार येऊ लागला, विशेषतः तरुण मुलामुलींना, तर लगेच डॉक्टरांना सांगावे. त्यात लाज धरू नये.

छोट्या गोळीचीही जागा आहे. खऱ्या औषधाचा गुण येईपर्यंतचे पहिले काही आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ती कुबडीसारखी कामाची आहे. पाय जुळल्यावर कुबडी ठेवायची असते, एवढेच.

औषधाइतकाच, किंबहुना थोडा जास्तच टिकणारा, दुसरा उपाय आहे आणि त्याला दुकानात जावे लागत नाही. ज्या जागेची भीती बसली, तिथे पायरी-पायरीने परत जायचे आणि भीती ओसरेपर्यंत तिथून पळायचे नाही. लंडन आणि टोरांटो या दोन शहरांत दीडशेच्या वर रुग्णांवर याची परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष आयझॅक मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केले. अल्प्राझोलमने आराम पडला खरा, पण गोळी बंद केल्यावर तो आराम गेला. जागेला तोंड देण्याच्या सरावाने जो फायदा झाला, तो टिकला. आणि सरावाबरोबर गोळीही दिली, तिथे सरावाचा फायदाही मागाहून घसरला. कारण समजायला सोपे आहे. गोळी घेऊन बाजारात गेलेली बाई म्हणते, गोळीने वाचवले. गोळीशिवाय गेलेली बाई शिकते, बाजारात काही होत नाही.

ताईंनी हे असे करावे. पहिल्या आठवड्यात नणंदेला किंवा मुलीला बरोबर घेऊन बोईसरच्या रस्त्याला नाक्यापर्यंत जावे, तिथे पंधरा-वीस मिनिटे उभे राहावे. छाती धडधडेल, धडधडू द्यावी. ओसरली की परत यावे. रोज. त्याचे भय गेले की बाजाराच्या तोंडाशी, मग गर्दी नसताना आतल्या दुकानात, मग सोबतीण बाहेर उभी आणि आपण आत, आणि शेवटी भरल्या बाजारात एकटीने. एकेका पायरीला आठवडा लागला तरी चालेल. लोकलची भीती बसलेल्याने बोईसरला बसून उमरोळीला उतरावे, दुसऱ्या आठवड्यात पालघर, मग सफाळे. हे शिकवणारे समुपदेशक मिळाले तर उत्तमच. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. लावणीच्या हंगामात हे सुरू करू नका. चिखलात दिवसभर वाकून आल्यावर कोणाच्याही अंगात भीतीशी झुंजायचे बळ उरत नाही.

झटका येतो त्या वेळी घरच्यांनी काय करावे, हेही सांगून ठेवतो. भोवती गर्दी करू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, गालात मारू नका. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा सल्ला पूर्वी डॉक्टरही देत, आता तो देत नाहीत, कारण हृदयाचा किंवा दम्याचा रुग्ण असला तर ती पिशवी जिवावर बेतेल. बाईला बसवा, शेजारी एकाने बसावे, हळू आवाजात 'मी इथेच आहे, हे पंधरा मिनिटांत उतरेल' एवढेच म्हणावे. चार अंक मोजत नाकाने श्वास आत, सहा अंक मोजत सावकाश बाहेर. आत ओढण्यापेक्षा बाहेर सोडण्याकडे लक्ष. बाईबरोबर आपणही तसा श्वास घेतला तर तिला जमते.

ताडीबद्दल बोलल्याशिवाय आपल्या भागात हा विषय पुरा होत नाही. ताडी असो की दारू, तिच्यावर ही गोळी घेतली तर दोन्ही मिळून श्वासच मंदावतो आणि माणूस झोपेतून उठत नाही. घरातला कोणी पुरुष ताडी घेऊन 'झोप येत नाही' म्हणून बायकोची गोळी मागत असेल, तर पाकीट कुलपात ठेवा. ताडी पातळ करून तिच्यात गुंगीची औषधे मिसळण्याचे प्रकार होतात, हेही जाणून असा. तेलंगणात अशा ताडीत अल्प्राझोलमच सापडत आले आहे. २०१५ साली तिथे भेसळीच्या ताडीवर सरकारने टाच आणली, तेव्हा रोज पिणारे कितीतरी लोक थरथर, भ्रम आणि आकडी घेऊन इस्पितळात भरती झाले. एकदम सोडल्याने काय होते, त्याचा याहून मोठा दाखला नको.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही झोपेसाठी म्हणून ही गोळी कोणी सुरू करून देऊ नये. रात्री लघवीला उठले की तोल जातो, खुब्याचे हाड मोडते आणि माणूस अंथरुणाला खिळतो. गोळी घेणाऱ्याने मळणी यंत्राजवळ, ट्रॅक्टरवर, मोटरसायकलवर जपून राहावे. पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल, तर आपल्या मनाने काही सुरू करू नका, काही बंदही करू नका.

सासूबाईंच्या मनातले भगताकडे जाण्याचे घोळत असेल, तर त्यावरून घरात भांडण करू नका. त्यांना सुनेची काळजी आहे म्हणूनच त्या म्हणतात. अंगारा लावला, नारळ ठेवला, त्याने नुकसान नाही. पण कसलीही मुळी किंवा काढा गोळीच्या जोडीने पोटात जाऊ देऊ नये, आणि 'आता गोळी बंद' हा शब्द भगताचा मानू नये.

आता करायचे ते. या सप्ताहात ग्रामीण रुग्णालयात जाऊन मानसोपचार तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते विचारा. गावातल्या आशाताईंनाही चौकशी करायला सांगा. तोवर, किंवा वाटेत काही अडले तर, १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला ती सुरू झाली. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचे नाव काढले की आपल्याकडे अजून लोक दबकतात. १९०१ पासूनचे ते रुग्णालय, पण घाबरण्याच्या झटक्यासाठी भरती व्हावे लागत नाही. जवळच्या दवाखान्यात बाहेरच्या रुग्णासारखे औषध घेऊन काम होते.

गोळी कशी उतरवायची ते डॉक्टर ठरवतील. सर्वसाधारण रीत अशी की, दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा पाच ते दहा टक्क्यांनी कमी करायची आणि एका वेळी पाव हिश्श्यापेक्षा जास्त कधीच उतरवायची नाही. कधी डॉक्टर अल्प्राझोलमच्या जागी अंगात जास्त वेळ टिकणारे डायझेपाम किंवा क्लोनाझेपाम देऊन मग ते उतरवतात. दोन वर्षांची सवय सुटायला काही महिने लागतील. मधे एखादा आठवडा वाईट जाईल, तेव्हा पुन्हा नातेवाइकांचे पाकीट उघडायचे नाही, डॉक्टरांना सांगायचे.

जाताना गोळ्यांचे रिकामे पाकीट, जुना ईसीजी आणि एक साधी वही न्या. वहीत गेल्या महिन्यात झटका कोणत्या तारखेला, कुठे, किती वेळ आला आणि त्या दिवशी किती गोळ्या घेतल्या, एवढे लिहा. मालकांची दिवसपाळी असेल तर त्या दिवशी रजा टाकायला लावू नका, सासूबाईंना बरोबर घ्या. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले, म्हणजे घरी आल्यावर समजवावे लागणार नाही.